माळावर पाणी छान जिरतं

जमीन कधी खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, कागद बोलतो, प्रसंगी देवसुद्धा कौल फिरवतो. पण भूगर्भाला नीट विचारलं तर तो खरं तेच सांगतो. डॉ. मोनाली लोंढे हे वाक्य बारामतीच्या कॉलेजात दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्याच तासाला ऐकवायची. हजेरी तासाच्या सुरुवातीला होणार की शेवटी, या विवंचनेत वर्ग तेव्हा असायचा. मोनालीचा स्वतःचा मात्र त्या वाक्यावर विश्वास होता. पिठोरवाडीला जाईपर्यंत तो टिकला.

पिठोरवाडी हे तिचं माहेर. इंदापूर तालुक्यात, निरवांगीच्या अलीकडे डांबरी सोडून आत वळलं की लागतं. गावाच्या एका अंगाला काळं रान, त्यात डोक्याच्या वर गेलेला ऊस. दुसऱ्या अंगाला माळ, त्यावर कुसळं, मुरूम आणि मोबाइलचा टॉवर. माळाच्या पायथ्याला बौद्धवस्ती आणि वस्तीची विहीर. ही विहीर बहात्तरच्या दुष्काळात वस्तीनं स्वतः खणली. त्याआधी गावच्या विहिरीपाशी घागर ठेवून लांब उभं राहायचं आणि कुणाला दया येईल तेव्हा ती भरून घ्यायची, अशी पद्धत होती. मोनालीचे चुलते ज्ञानूआबा तेव्हा विशीत होते. विहिरीतला पहिला सुरुंग त्यांनी लावला. पुढं ते एसटीत कंडक्टर झाले, निवृत्त झाले, घराला फरशी झाली, दारात नळ आला. पण नळाचं पाणी भांड्याला आणि विहिरीचं पाणी प्यायला, हा आबांचा नेम. फिल्टरचं पाणी पाहुण्यांना. ते म्हणायचे, "पाव्हण्याला काय, दोन घटका राहायचं असतं."

तर अशी ही विहीर, आणि कोसभर अंतरावर मळीपासून स्पिरिट काढणारा एक कारखाना. स्पिरिट टँकरनं निघून जायचं. मागं उरायचं ते काळंतांबडं, सडक्या गुळाच्या वासाचं पाणी. ते साठवायला कारखान्यानं काळ्या रानात तळं काढलं होतं. काळी चिकणमाती पाणी सोडत नाही, त्यामुळं तळं भरलं, मग आणखी भरलं, आणि गेल्या परतीच्या पावसात बांध फोडून गेणबाच्या उसात शिरलं. गेणबा म्हणजे सरपंच कौसल्याबाईंचे यजमान. सही कौसल्याबाई करायच्या, सरपंचकी गेणबा. दुसऱ्या कुणाच्या उसात ते पाणी शिरलं असतं तर पंचनाम्यावर भागलं असतं. गेणबाच्या उसात शिरल्यामुळं त्याचा पर्यावरणाचा प्रश्न झाला. मोर्चा निघाला. कारखान्यानं नवीन तळं दुसरीकडं काढायचं कबूल केलं. जागा कुठली, यावर वरच्या कार्यालयानं सांगितलं की आधी शास्त्रीय अभ्यास करा: वर घाण साठवली तर खालच्या पाण्याला कुठं जास्त धोका आणि कुठं कमी.

अभ्यास मोनालीकडं आला. तिनं तो हौसेनं घेतला. गावाचा डोळा माळावर आहे हे तिला ठाऊक होतं. माळ गायरान, म्हणजे कुणाचंच नाही, म्हणजे गेणबाचं. आणि माळाखाली काय आहे हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं, कारण विहीर खणलेली माणसं तिच्या घरात होती. वीतभर माती, मग मुरूम, मग फुटका खडक. वर तांब्या सांडला की खाली विहिरीत. आता हेच यंत्र सांगेल, तेही आकड्यांत. मग माळावर तळं काढायची कुणाची छाती होणार?

यंत्र साधं होतं. एका ओळीत चार सळया जमिनीत ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची, आतल्या दोहोंवर मोजायची. चिकणमातीतून वीज सुखानं जाते, कोरडा खडक तिला अडवतो. सळया जितक्या लांब सारत न्याल तितकं खोलवरचं कळतं. कॉलेजातला प्रयोगशाळेचा अनुप हातोडा घेऊन पुढं, मोनाली यंत्रापाशी, मधे पिवळ्या वायरींचं जाळं.

पण इंदापूर तालुक्यात जमिनीकडं टक लावून बघणारा माणूस एकच काम करत असतो, अशी लोकांची खात्री आहे. पहिल्या दिवशी पहिलीच मोटरसायकल थांबली.

"कितीवर लागलं, ताई?"

"आम्ही पाणी नाही शोधत."

"मग?"

"वरून घाण पडली तर खालच्या पाण्यापर्यंत किती लवकर पोचेल, ते बघतोय."

त्यानं डोकं खाजवलं. "म्हंजी खाली पाणी हाय, ह्ये तर पक्कं झालं."

दुपारपर्यंत बांधावर डझनभर माणसं बसली. गावचा पाणाड्या दत्तोबा आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचं आणि नारळ उभा राहिला की पाणी, ही त्याची विद्या. तो वायरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला आणि अनुपला म्हणाला, "सायेब, एवढ्या वायरीत माझ्या तीन मोटरी चालल्या असत्या."

खरा घोळ मिठावरून झाला. कोरड्या मुरमात सळईला वीज धरत नाही, म्हणून सळईच्या बुडाशी थोडं मिठाचं पाणी ओततात. अनुप तांब्यानं ओतत होता. ते ताईबाईंनी, म्हणजे मोनालीच्या चुलतीनं, लांबून पाहिलं आणि त्या हातातलं खुरपं घेऊनच चालत आल्या.

"मोने! जमिनीत मीठ घालतीयास?"

"काकी, चमचाभर आहे. वीज नीट जावी म्हणून."

"निम्मं गाव चोपण झालं पाण्यापायी, तितं मीठ फुलून वर आलंय, गवात उगवंना. आणि तू शिकून सवरून पदरचं मीठ घालतीयास?"

"काकी, आपल्याच विहिरीसाठी चाललंय सगळं."

"मग घाल," ताईबाई म्हणाल्या. "पर गेणबाच्या अंगाला जास्ती घाल."

काम संपलं, आकडे आले, मोनालीनं नकाशा केला. जमीन खरंच खोटं बोलली नव्हती. काळ्या रानाखाली चिकणमातीचा जाड थर होता. तो भाग नकाशात हिरवा आला. माळावर झाकण म्हणून काहीच नव्हतं. माळ लालभडक आला, आणि लाल रंगाची जीभ उताराला लागून थेट वस्तीच्या विहिरीपर्यंत लोंबत होती. मोनालीला तो नकाशा इतका आवडला की तिनं तो मोठा छापून घेतला.

सभा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये भरली. समोरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत "पाणी अडवा, पाणी जिरवा" रंगवलेलं होतं आणि त्याखाली ढालींचं कपाट. डोंगरउतारावर चर खणून पाणी जिरवल्याबद्दल पिठोरवाडीला तालुक्यात दुसरा नंबर मिळाला होता; ढाल इतक्या वेळा पुसली होती की गावाचं नाव पुसट झालं होतं. मोनालीनं नकाशा नेमका त्या भिंतीवर लावला, भिंतीवरच्या अक्षरांच्या खाली. तिथंच खिळा होता.

"लाल म्हणजे धोका," ती म्हणाली. "इथं वर जे सांडेल ते लगेच खाली जातं. हिरव्यात चिकणमाती आहे, ती पाणी धरून ठेवते. तळं काढायचंच तर हिरव्यात, मजबूत बांधाचं, तळाला जाड प्लॅस्टिक अंथरून. माळावर अजिबात नको."

मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "लालात बोअर मारला तर किती इंची लागंल?"

"तो विषय नाही."

"न्हाय, पर लागंल ना?"

मोनाली खरं बोलणाऱ्या शास्त्राची पाईक होती. ती म्हणाली, "लागेल." पुढच्या आठवड्यात माळाच्या कडेला तीन बोअर झाले.

कारखान्याच्या वतीनं सूरज नावाचे पर्यावरण अधिकारी आले होते. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, हातात पाण्याची बंद बाटली. त्यांनी अतिशय अदबीनं विचारलं, "मॅडम, अभ्यास फारच सुंदर झालाय. एक शंका. माळावर पाणी जिरण्याचा वेग किती म्हणता येईल?"

"प्रचंड," मोनाली म्हणाली. समोर बसलेल्या माणसाला अखेर मुद्दा कळला, या आनंदात तिनं पुढं जोडलं, "तळं भरणारच नाही इतका."

सूरजसाहेबांनी मान डोलावली. "आणि हिरव्या भागात?"

"तिथं जिरत नाही. साठून राहतं."

"म्हणजे मागच्यासारखं."

"हो, पण प्लॅस्टिक घातलं तर—"

"प्लॅस्टिक घातलं तर जिरणार कसं?" गेणबानं विचारलं. त्याच्या आवाजात खरोखरची काळजी होती. "ताई, माझं ऐका. तीस वर्षं सरकार आमाला सांगतंय, पाणी जिरवा. आमी चर खणलं, श्रमदान केलं, ढाल आणली. आता तुमी मशीन लावून शोधून काढलंय की पाणी सगळ्यात भारी कुठं जिरतं. आणि तितंच नको म्हणताय?"

हॉलमध्ये माना हलल्या.

"ते पावसाचं पाणी हो, गेणबाअण्णा! हे मळीचं आहे!"

"प्रक्रिया केलेलं," सूरजसाहेब म्हणाले. "फक्त रंग राहतो."

"आणि वास!"

"वास पाण्याचा नसतो, मॅडम. हवेचा असतो."

ज्ञानूआबा दाराशी बसले होते. ते उठले. "सूरजसायेब, तुमच्या हातातली बाटली बाजूला ठिवा आणि माझ्या विहिरीचं एक गिलास प्या. मग तुमचं त्या तळ्यातलं एक गिलास प्या. दोन्ही पिऊन सांगा काय फरक हाय ते."

लोक हसले. सूरजसाहेबही हसले, अशा प्रसंगी हसायचं प्रशिक्षण त्यांना असावं. सभा चहावर संपली. मोनाली गाडीत बसताना अनुप म्हणाला, "मॅडम, आपण जिंकलो की हरलो?" ती म्हणाली, "आकडे आहेत ना आपल्याकडे." हे उत्तर नव्हतं, पण बारामतीपर्यंत पुरलं.

दिवाळीनंतर कारखान्याचा अर्ज गेला. त्याची प्रत आबांनी मिळवली आणि फोनवरून वाचून दाखवली. पिठोरवाडीच्या माळावर "भूजल पुनर्भरण तलाव" प्रस्तावित होता. कॉलेजच्या शास्त्रीय सर्वेक्षणानुसार सदर जागेची शोषणक्षमता उत्कृष्ट असल्याचं त्यात म्हटलं होतं, आणि सोबत नकाशा जोडला होता. नकाशा तोच. फक्त लाल होतं तिथं निळं केलं होतं.

मोनाली त्याच दिवशी वरच्या कार्यालयात जाऊन थडकली. तिथले साहेब सभ्य होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, अहवाल समोर घेतला आणि म्हणाले, "वाचला मी. छपाई चांगली आहे."

"सर, मी त्यात स्पष्ट लिहिलंय, माळावर तळं नको."

"कुठं?"

"शिफारशींत. हे बघा."

"शिफारशी आम्ही विचारात घेतो," साहेब म्हणाले. "निष्कर्ष धरतो. निष्कर्ष काय? पाणी झपाट्यानं जिरतं. सही तुमची. मग तुमचा आक्षेप कुणावर आहे, तुमच्यावरच?"

"जिरतं म्हणूनच नको! विहिरीत उतरेल ते. लोक पितात ती विहीर!"

"उतरेल हा तुमचा अंदाज."

"अंदाज नाही, मोजलंय आम्ही."

"तुम्ही वीज मोजलीत, मॅडम. पाणी नाही."

वीस वर्षं ती हे शास्त्र शिकवत होती आणि वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं इतका चपखल आणि इतका नालायक आक्षेप घेतला नव्हता. ती म्हणाली, "ठीक आहे. पाणी दाखवते."

तिनं जे ठरवलं ते भूजलाच्या कामात नेहमीचं आहे. एक रंग असतो. चिमूटभर टाकला तरी पाणी पोपटी हिरवं होतं. अपाय काही नाही, थोड्या दिवसांत विरून जातो. तळ्याच्या नियोजित जागी खड्डा घ्यायचा, त्यात टँकरभर पाण्यातून रंग सोडायचा आणि खाली विहिरीवर नजर ठेवायची. पण विहीर वस्तीची, म्हणून परवानगी वस्तीची घ्यायला हवी. ती आबांच्या ओट्यावर बसली आणि सगळ्यांना समजावून सांगितलं.

ताईबाई म्हणाल्या, "प्यायचं पाणी हिरवं करणार तू? आदी मीठ, आता रंग. पुढच्या बारीला काय, हळद-कुंकू?"

"काकी, विषारी नाही. मी स्वतः पिऊन दाखवते."

"तू काय, तू लहानपणी रॉकेल पिलीवतीस."

आबा म्हणाले, "करू दे तिला. कागदाला कागद लई झाला. डोळ्यानं बघितल्यावर तरी लाज वाटंल कुणाला." आबांनी शब्द दिल्यावर वस्ती तयार झाली. चार-आठ दिवस नळाचं पाणी प्यायचं ठरलं.

रंग सोडायला मोनालीनं सगळ्यांना बोलावलं. गेणबा आला, सूरजसाहेब आले. वरच्या कार्यालयातले साहेब आले नाहीत. त्यांनी कारकून पाठवला आणि कारकुनानं फोटो काढले. खड्ड्यात पोपटी पाणी ओतलं. बघता बघता ते खाली गेलं. चहा येईपर्यंत खड्डा कोरडा. गेणबा काठावर उकिडवा बसून बघत राहिला, त्याचा चहा निवला.

दुसऱ्या दिवशी दुपार उलटली आणि वस्तीतून आरोळी आली. विहीर हिरवी झाली होती. उन्हात पाण्याचा रंग असा झळकत होता की कुणी पोपटांचा थवा बुडवून ठेवलाय असं वाटावं. काठाशी गर्दी उसळली. गावची पोरं, बाया, काळ्या रानातले बागायतदार, सगळे वाकून बघत होते. विहीर खणल्यापासून तिच्यावर गावातली इतकी माणसं पहिल्यांदाच आली होती. काहींनी फोटो काढून घेतले. मोनालीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता यापुढं कुणी काय बोलणार होतं? ती गेणबाकडं वळली.

"बघितलंत अण्णा?"

गेणबाचा चेहरा उजळलेला होता. तो मनापासून म्हणाला, "आयला, खरंच जिरतंय की!"

मोनालीला वाटलं तो थट्टा करतोय. थट्टा करत असता तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी आरोग्य खात्याची गाडी वस्तीत आली. विहिरीत रंग मिसळल्याची तक्रार होती, कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही, विचारल्यावर म्हणाले "एका जागरूक नागरिकाची." त्यांनी हिरव्या पाण्याचा नमुना बाटलीत भरला. पाणी हिरवं आहे असा अहवाल आला, ही त्यातली कौतुकाची गोष्ट. विहिरीच्या कठड्यावर लाल रंगात लिहिलं गेलं: पाणी पिण्यास अयोग्य. दूषित होण्याचं कारण या रकान्यात कॉलेजचं नाव होतं आणि मोनालीला नोटीस.

नोटिशीचं तिला काही वाटलं नाही. रंग आठवड्यात उतरला, पाणी पुन्हा भिंगासारखं स्वच्छ झालं. आबांनी तळाचा दगड दिसतो म्हणून फोन केला. तेव्हा तिनं आरोग्य खात्यात अर्ज दिला: विहीर स्वच्छ झाली आहे, पुन्हा नमुना घ्यावा आणि कठड्यावरची अक्षरं पुसावीत.

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "आम्ही पिण्याच्या पाण्याचेच नमुने तपासतो."

"मग हे पिण्याचंच आहे."

"नाही ना. अयोग्य आहे. यादीतून काढलंय तिला."

"मग तपासून यादीत घाला."

"यादीत नसलेल्या विहिरीचं आम्ही तपासत नाही, मॅडम."

मोनालीनं खिडकीच्या गजांवर दोन्ही हात ठेवले. "बाई, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला ऐकू येतंय का?"

"मला ऐकू येतं," बाई म्हणाल्या. "वरच्यांना नाही येत. मी काय करू?"

जनसुनावणी इंदापूरला झाली, मंडप घालून, खुर्च्यांना पांढरी कापडं घालून. मोनाली नकाशा घेऊन गेली होती, लाल रंगाचा. विहिरीचे हिरवे फोटो होते, आकडे होते. तिनं सगळं मांडलं. आवाज चढला, चढू दिला. "तळ्यात सोडलेलं दुसऱ्या दिवशी विहिरीत येतं, हे तुमच्या कारकुनानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय," ती म्हणाली. "आणखी काय हवंय तुम्हाला? कुणी मरून दाखवायचं?"

टेबलामागचे साहेब शांतपणे ऐकत होते. तेच, छपाईवाले. मग त्यांनी सूरजसाहेबांकडं पाहिलं.

सूरजसाहेब उठले. "मॅडमच्या प्रयोगाबद्दल आम्ही ऋणी आहोत," ते म्हणाले. "जागेच्या शोषणक्षमतेचा याहून चांगला पुरावा आम्हाला देता आला नसता. राहिला प्रश्न विहिरीचा. नियम असा आहे की पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ तळं नको. नियम आम्हाला शिरसावंद्य आहे. पण सध्या माळाच्या परिसरात पिण्याच्या पाण्याचा असा एकही स्रोत नोंदलेला नाही."

ज्ञानूआबा उभे राहिले. त्यांनी कंडक्टरचा आवाज कमावलेला होता, भोंग्याची गरज नव्हती. "नोंदलेला न्हाय? सायेब, त्या विहिरीच्या पैल्या सुरुंगाला माझा हात भाजलाय. ह्यो बघा." त्यांनी मनगट वर केलं. "आमी गावाच्या पाण्याला शिवायचं न्हाय म्हणून आमी आमचं पाणी काढलं. पन्नास वर्सं कुणाकडं घोटभर मागितलं न्हाय. आणि आज तुमी सांगताय, तितं पाणीच न्हाय?"

"आबा, आम्हाला तुमच्या भावना समजतात," टेबलामागचे साहेब म्हणाले. "त्या नोंदवून घेऊ." त्यांनी शेजारच्या कारकुनाला खूण केली, आणि कारकुनानं लिहिलं. मोनालीनं वाकून बघितलं. त्यानं लिहिलं होतं: स्थानिकांनी भावना व्यक्त केल्या.

ती टेबलाशी गेली. "विहीर यादीतून काढली कुणी? तुम्हीच! कशामुळं? माझ्या रंगामुळं. आणि मी रंग टाकला कशासाठी? मी पाणी मोजलं नाही, असं तुम्ही म्हणालात म्हणून! सर, लाज वाटत नाही?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मॅडम, वैयक्तिक होऊ नका. तुमच्या अभ्यासाचा आम्हाला आदरच आहे. आमचा सगळा निर्णय तुमच्याच अभ्यासावर उभा आहे."

गेणबा बाहेर चहाच्या टपरीपाशी भेटला. त्यानं तिच्यासाठी चहा सांगितला, तिनं घेतला नाही. तो ओशाळला होता, पण त्याच्या परीनं. "ताई, मनाला लावून घेऊ नका. आता ते पाणी कुणाच्या रानात तर शिरत न्हाय ना? गावाला वास नको, उसाला धोका नको. वस्तीला टँकर मी मंजूर करून आणतो, कौसल्याच्या सहीनं. माझा शब्द."

"अण्णा, तुम्ही माळाच्या कडेला बोअर मारलाय ना?"

"व्हय. अडीच इंची लागला."

"पिताय त्याचं?"

गेणबा हसला. "छे छे. आमचं फिल्टरचं."

मार्चमध्ये माळावर जेसीबी चालला. तळाला प्लॅस्टिक घातलं नाही. जिरण्याला अडथळा नको, असा ग्रामपंचायतीचा ठराव होता. उद्घाटनाला मोनालीला निमंत्रण आलं. निमंत्रणात तिचं नाव मार्गदर्शक म्हणून छापलं होतं, डॉक्टर लावून. ती गेली नाही. कॉलेजच्या प्राचार्यांनी ते निमंत्रण फळ्यावर लावलं.

जूनच्या आधीच विहिरीचं पाणी चहाच्या रंगाचं झालं. ताईबाईंनी एका सकाळी घागर भरली, नाकाशी नेली आणि पायरीवरच ओतून टाकली. त्या काही बोलल्या नाहीत, आणि ताईबाई काही बोलल्या नाहीत हे वस्तीत आठवडाभर लोक एकमेकांना सांगत होते. आबांनी विहिरीवरची मोटर काढून घरात आणली, पुसली, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. रविवारी मोनाली आली तेव्हा त्यांनी तिला फिल्टरच्या पाण्याचा ग्लास दिला. ती बघत राहिली.

"पी," आबा म्हणाले. "आता तेच हाय."

नवीन वर्गाला पहिल्या तासाला ती आता हजेरीच घेते.

कारखान्याचं पाणी माळावर रोज येतं. वस्तीचा टँकर दिवसाआड येतो. तळं अजून एकदाही भरलेलं नाही.